एक काटा, दोन वाचक

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातला एक सहकारी साखर कारखाना. नाव, तालुका, हंगाम सगळं गाळलंय, बाकी घडलं तसं. काम माझंच होतं आणि पहिली चूकही माझीच.

भरलेली गाडी गाडीतळातून काट्यावर येते, वजन होतं, गव्हाणीवर, म्हणजे ऊस गाळपाला आत जातो तिथे, ऊस खाली होतो आणि मोकळी गाडी पुन्हा काट्यावर चढते. भरलेल्यातून मोकळं वजा केलं की उसाचं वजन. शेतकऱ्याचं बिल, तोडणी टोळीची मजुरी, वाहतूकदाराचं भाडं हे सगळं या एका वजाबाकीवर चालतं. २०२४-२५ च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान भाव, १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलला ३४० रुपये होती. त्या भावाने काट्यावर दहा टनांची चूक झाली, तर तोडणी-वाहतूक वजा व्हायच्या आधीचे चौतीस हजार रुपये इकडचे तिकडे होतात.

काट्याच्या प्लॅटफॉर्मखाली लोडसेल, म्हणजे भार मोजणारे सेन्सर, आणि केबिनमध्ये लाल आकड्यांचा इंडिकेटर. इंडिकेटरच्या मागच्या सिरियल पोर्टमधून सेकंदाला दहा वेळा वजन बाहेर पडतं: सुरुवातीची एक खूण, सहा अंक, शेवटची एक खूण, असे आठ बाइट. वेग २४०० बॉड, म्हणजे एक बाइट यायला साधारण चार मिलिसेकंद लागतात. केबिनमधल्या लिनक्स पीसीवर स्लिपचा प्रोग्राम चालायचा. तो सी भाषेत लिहिलेला, लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला. क्लार्कने एफ५ दाबलं की येईल ते वजन उचलायचं आणि स्लिप छापायची, एवढंच त्याचं काम. दहा-बारा हंगाम त्याने ते बिनबोभाट केलं होतं.

साखर कारखाना म्हटलं की ‘काटामारी’, म्हणजे वजनातली चोरी, हा शब्द मागोमाग येतोच. खरं-खोटं काहीही असो, संशय कायमचा असतो. तो कमी व्हावा म्हणून संचालक मंडळाने ठरवलं की केबिनबाहेर मोठा बोर्ड लावायचा, गाडी काट्यावर असताना वजन ड्रायव्हरलाही दिसलं पाहिजे आणि शेतकऱ्यालाही. इंडिकेटरला बाहेरच्या डिस्प्लेसाठी दुसरं आउटपुट होतं, पण ते वळवाच्या पावसात वीज पडून जळालं होतं. दुरुस्ती हंगाम संपल्यावर होणार होती. तेव्हा पीसीवरूनच वजन घेऊन बोर्डाला द्यायचं ठरलं आणि मी पायथॉनमध्ये एक छोटा प्रोग्राम लिहिला.

पोर्ट एकच आणि वाचणारे दोन, हे मला कळत होतं. म्हणूनच मी लॉक फाइल वापरली होती.

लॉक फाइल ही युनिक्समधली जुनी चाल आहे. एकच मोडेम बाहेर फोन लावायलाही वापरायचा आणि बाहेरून येणारे फोन घ्यायलाही, तेव्हा यूयूसीपीवाल्यांनी (फोनवरून युनिक्स मशीनांत फाइली पाठवायची ती जुनी पद्धत) हा संकेत पाडला. पोर्ट उघडण्याआधी ठरलेल्या डिरेक्टरीत ठरलेल्या नावाची फाइल करायची. फाइल आधीपासून असेल तर पोर्ट कुणाच्या तरी हातात आहे असं समजून मागे फिरायचं. नाव म्हणजे ‘एलसीके’, दोन टिंबं आणि पुढे उपकरणाचं नाव. आत आपला प्रोसेस क्रमांक, म्हणजे चालू प्रोग्रामचा नंबर (पीआयडी), दहा जागांत उजवीकडे सरकवून लिहायचा, डावीकडच्या रिकाम्या जागी स्पेस आणि शेवटी नवी ओळ, मिळून अकरा अक्षरं. लिनक्सच्या फाइलरचनेच्या प्रमाणकातही हाच साचा आहे. फाइल करताना ‘नसेल तरच कर’ अशी अट घालून उघडायची, म्हणजे ‘आहे का’ आणि ‘कर’ यांच्या फटीत दुसरा कुणी घुसत नाही.

यात कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, काहीही अडवत नाही. लॉक फाइल म्हणजे एसटीच्या सीटवर टाकलेला रुमाल. जो रुमाल मानतो त्याच्यापुरतीच ती जागा धरलेली.

अडचण

बोर्ड लागला, लोक खूश झाले, दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी काट्यावरच्या क्लार्कचा फोन आला.

“साहेब, काटा येडा झालाय.”

“म्हणजे काय झालं, अण्णा?”

“काटा दावतोय एक आन् स्लिप येतीया दुसरी. हितं मान्सं गोळा झाल्यात.”

मी पोचलो तेव्हा एका शेतकऱ्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. फोटोत इंडिकेटरवर १८४६० होते आणि त्याच गाडीच्या स्लिपवर ८४६०. एक अंक गायब आणि त्या एका अंकाचे दहा टन. “बोर्ड लावून बी हेच,” एवढंच तो म्हणाला. त्याला उत्तर द्यायला माझ्याकडे काही नव्हतं.

मग मागच्या स्लिपा काढल्या. चुका दोन्ही बाजूंनी होत्या. एका मोकळ्या ट्रॅक्टरचं वजन ६५२० ऐवजी ६२० लागलं होतं, म्हणजे त्या फेरीत उसाचं वजन जवळपास सहा टनांनी फुगलं होतं. त्याबद्दल तक्रार अर्थातच कुणी केली नव्हती. हे लिहून ठेवतोय, कारण ‘तक्रारी किती आल्या’ यावरून दोष किती मोठा हे मोजायचं आम्ही तेव्हाच सोडलं.

तपास

पहिले दोन तास भलतीकडे गेले. काट्याच्या कंपनीचा मेकॅनिक आला, लोडसेल तपासले, वीस-वीस किलोची प्रमाणित वजनं ठेवून बघितली. इंडिकेटर अचूक होता. मग केबल बदलली. तरी फरक नाही.

खरं तर उत्तर फोटोतच होतं. इंडिकेटर बरोबर, स्लिप चूक, म्हणजे बिघाड या दोघांच्या मधे. ही सरळ गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली, कारण माझ्या प्रोग्रामने लॉक घेतलाय याची मला खात्री होती आणि त्या बाजूला मी बघतच नव्हतो.

शेवटी ‘फ्यूजर’ चालवून पोर्ट कुणाकुणाच्या हातात आहे ते विचारलं. दोन पीआयडी आले, एक स्लिपच्या प्रोग्रामचा, दुसरा माझा. लॉकची डिरेक्टरी उघडली तर तिथे दोन फाइली शेजारी शेजारी: ‘एलसीके..काटा’ आणि ‘एलसीके..टीटीवाययूएसबी०’.

कोडं तिथेच सुटलं. मागच्या वर्षी पीसीचं जुनं सिरियल कार्ड गेलं होतं आणि त्याजागी यूएसबी-सिरियल केबल बसवली होती. यूएसबीचं नाव कधी शून्य, कधी एक असं बदलतं, म्हणून ईडीपीतल्या, म्हणजे कारखान्याच्या संगणक विभागातल्या, कुणीतरी यूडेव्हचा (लिनक्समध्ये उपकरणांना नावं देणाऱ्या सेवेचा) नियम लिहून ‘/डेव्ह/काटा’ अशी एक कायमची लिंक करून ठेवली. चांगलंच काम केलं. स्लिपचा प्रोग्राम त्या लिंकने पोर्ट उघडायचा आणि त्याच नावाने लॉक करायचा. मी मात्र थेट ‘टीटीवाययूएसबी०’ लिहिलं होतं. कुलूप दोघांनीही लावलं होतं, पण एकाच घराच्या दोन वेगळ्या दारांना.

दोन प्रोसेस एकाच सिरियल पोर्टवर वाचत बसल्या की काय होतं? आलेला प्रत्येक बाइट दोघांपैकी एकालाच मिळतो. प्रत दोघांना जात नाही, वाटणी होते. बाइट सावकाश येत होते, दोन्ही प्रोग्राम टपलेले होते आणि ज्याचा हात आधी पोचेल त्याचा घास. ‘०१८४६०’ मधला १ माझ्या बोर्डाने खाल्ला की स्लिपला ‘०८४६०’ मिळायचं. सुरुवातीचं शून्य खाल्लं तर ‘१८४६०’, म्हणजे बरोबरच वजन. म्हणून चूक कधी दिसायची, कधी नाही. अंक सहाच आहेत का, हे जुना प्रोग्राम मोजत नव्हता. सुरुवातीची खूण ते शेवटची खूण यांच्यात जे काही सापडेल त्याची तो संख्या करायचा. एकटा वाचणारा होता तोवर त्याला मोजायची गरजही पडली नव्हती.

पर्याय

बोर्ड लगेच बंद केला. ते दहा मिनिटांचं काम होतं आणि पहिल्याच फोनवर सांगायला हवं होतं. त्यानंतर ईडीपीत चहा घेत पुढचं बोललो.

बोर्ड कायमचा काढायचा, हा सर्वांत सोपा पर्याय. चीफ अकाउंटंट त्याच बाजूचे होते. पण तीन दिवसांत बोर्ड लावून काढला असता तर गावागावांत काय बोललं गेलं असतं, हे शेतकी अधिकाऱ्यांनी दोन वाक्यांत सांगितलं आणि विषय तिथेच मिटला.

दुसरा पर्याय वायरीचा. इंडिकेटर फक्त बोलतो, ऐकत काही नाही. तेव्हा त्याची पाठवायची तार वाय-केबलने फोडून दोन पोर्टांना द्यायची. आरएस-२३२ हे मुळात एकाशी एक जोडणीचं प्रमाणक आहे. घेणाऱ्या टोकाचा रोध तीन ते सात हजार ओहम धरलेला असतो, दोन टोकं समांतर लावली की तो त्याखाली जाऊ शकतो. पण तार आखूड असेल तर हे चालतं आणि पुष्कळ ठिकाणी चालू आहे. अडचण अशी की इंडिकेटर वैधमापनवाल्यांनी तपासून सील केलेला. केबल बाहेरूनच जोडायची असली तरी हंगाम चालू असताना त्याच्या आसपास कुणी हात लावलेला व्यवस्थापनाला नको होता. तांत्रिकदृष्ट्या हाच पर्याय सर्वांत स्वस्त होता, असं मला आजही वाटतं.

तिसरा, पोर्ट एकाच प्रोग्रामने धरायचं, त्यानेच वाचायचं आणि बाकीच्यांनी वजन त्याच्याकडून मागून घ्यायचं. स्वच्छ रचना, पण त्यासाठी स्लिपच्या प्रोग्रामचं काळीज उघडावं लागणार. गाळप ऐन भरात असताना छातीच होईना.

चौथा, लॉक नीट करायचा आणि दोन्ही प्रोग्रामांनी पाळीपाळीने वाचायचं. बोर्डाने लॉक घ्यायचा, एक वजन वाचायचं, सोडायचा, अर्धा सेकंद थांबायचं. स्लिपच्या प्रोग्रामने एफ५ दाबल्यावर लॉक मागायचा आणि नाही मिळाला तर पाच सेकंद वाट बघायची. स्लिपच्या प्रोग्रामचा सोर्स एका पेन ड्राइव्हवर सापडला आणि सुदैवाने कंपाइलही झाला. बदल तीस-चाळीस ओळींचा.

आम्ही चौथा निवडला. तो चुकीचा होता असं म्हणणार नाही. घाई होती, आणि घाईत जेवढं कमी हलवाल तेवढं बरं. पण लॉक फाइलला आम्ही तिच्या कुवतीबाहेरचं काम दिलं. ‘दुसरा आहे, मागे फिर’ एवढं सांगायला ती बनलेली आहे. दिवसभर मिनिटाला शंभर वेळा हात बदलायला नाही.

पहिली दुरुस्ती आणि अडीच वाजताचा फोन

नावाचा गोंधळ आधी मिटवला. लॉक करण्याआधी लिंक सोडवून खरं नाव काढायचं आणि त्याच नावाने फाइल करायची, दोन्ही प्रोग्रामांत. अंक मोजून सहाच असतील तरच वजन घ्यायचं, हेही घातलं.

मग परवानगीची भानगड आली. क्लार्कचं लॉगिन साधं, आणि या पीसीवरच्या लिनक्समध्ये ‘/रन/लॉक’ या लॉकच्या ठरलेल्या डिरेक्टरीत फक्त रूटला, म्हणजे सर्वाधिकारी यूजरला, लिहिता यायचं. जुना प्रोग्राम आजवर रूटच्या अधिकाराने चालत आला होता, आणि तो अधिकार मी त्याच वेळी, ‘सुरक्षिततेसाठी’, काढला. मग लॉक फाइल प्रोग्रामच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवली. छोटासा निर्णय, फारसा विचार न करता घेतलेला. पुढचं सगळं त्यातून निघालं.

‘/रन’ मेमरीत असतं, पीसी बंद पडला की आपोआप पुसलं जातं. आमचं फोल्डर डिस्कवर होतं.

आठ दिवसांनी रात्री अडीचला फोन. लाइट गेली, यूपीएसची बॅटरी मेली होती, जनरेटर लागेस्तोवर पीसी पडला. पुन्हा चालू केला तर स्क्रीनवर एकच ओळ: ‘काटा व्यस्त आहे, थांबा.’ बाहेर ट्रॅक्टरची रांग गेटपर्यंत, गव्हाणीवर ऊस कमी पडायला लागलेला.

मी अर्धवट झोपेत होतो. फोल्डरचं नाव सांगितलं आणि त्यातली लॉकची फाइल उडवायला सांगितली. प्रोग्राम चालू झाला. तोवर तासभर हाताने स्लिपा लिहाव्या लागल्या होत्या.

मालक मेल्यावर उरलेला लॉक ओळखायची सोय प्रोग्रामात होती. फाइलीतला पीआयडी वाचायचा आणि त्या क्रमांकाला ‘किल’ने शून्य नंबरचा सिग्नल पाठवायचा. त्याने कुणी मरत नाही, फक्त तो प्रोसेस आहे की नाही ते कळतं. नसेल तर लॉक शिळा, उडवायचा. मग त्या रात्री हे का चाललं नाही?

दुसऱ्या दिवशी क्लार्कने रिसायकल बिनमधून ती फाइल काढून दाखवली. शून्य बाइट. फाइलचं नाव डिस्कवर पोचलं होतं, आतला मजकूर पोचायच्या आधी लाइट गेली होती. रिकाम्या मजकुराची सी भाषेतल्या नेहमीच्या फंक्शनने संख्या केली की शून्य येतं. आणि ‘किल’ला शून्य पीआयडी दिला तर त्याचा अर्थ ‘माझ्याच गटातले सगळे प्रोसेस’ असा होतो. म्हणजे प्रोग्राम स्वतःलाच विचारत होता, ‘आहेस का?’ आणि स्वतःच उत्तर देत होता, ‘आहे.’ दर सेकंदाला एकदा, तासभर.

फाइलीत पीआयडी नीट असता तरी निभावलं असतं याची खात्री नव्हती. पीसी चालू होताना सेवा साधारण त्याच क्रमाने उठतात, तेव्हा कालच्या क्रमांकावर आज प्रिंटरची सेवा बसलेली असू शकते. तिला सिग्नल पाठवला की ‘तुला परवानगी नाही’ असं उत्तर येतं. प्रोसेस जिवंत आहे हे त्यावरून कळतं, पण तो आपलाच आहे की परका ते कळत नाही.

आणखी एक भानगड मला चार दिवसांनी कळली. अडीच वाजताचा उपाय काट्यावर सगळ्यांना पाठ झाला होता. मॉनिटरला एक पुठ्ठा चिकटवलेला, त्यावर स्केचपेनने: ‘काटा अडला तर लॉकची फाइल उडवणे.’ ईडीपीतल्या एका पोराने क्लार्कची सोय म्हणून डेस्कटॉपवर त्याचं चित्रही करून दिलं, डबल-क्लिक केलं की फाइल गेली. स्लिप यायला दोन सेकंद जरी लागले तरी अण्णा तिथे क्लिक करायचे. त्यांच्या बाजूने ते बरोबरच होतं, बाहेर माणसं खोळंबलेली असायची.

पण ती फाइल त्या क्षणी बोर्डाची असायची. ती उडाली की स्लिपचा प्रोग्राम आपली नवी फाइल करून वाचायला लागायचा, म्हणजे पुन्हा दोघं एकदम पोर्टवर. त्यात बोर्डाचं वाचून झालं की तो ‘आपली’ समजून स्लिपच्या प्रोग्रामची फाइल उडवायचा. उडवण्याआधी आतला पीआयडी आपला आहे का, हे मी तपासत नव्हतो. सहा अंकांच्या अटीमुळे चुकीची स्लिप छापली जात नव्हती, एवढं नशीब. त्याऐवजी ‘वजन मिळालं नाही’ असा निरोप यायचा. निरोप आला की अण्णा पुन्हा क्लिक करायचे.

दुसरी दुरुस्ती

आता मात्र टाळलेला तिसरा पर्याय घेतला. एका रविवारी सफाईसाठी गाळप आठ तास बंद होतं, तेव्हा बसवला.

पोर्ट वाचणारी एकच सेवा केली. पीसी चालू झाला की ती उठते, पोर्ट धरते आणि सतत वाचत राहते. आठ बाइटांची चौकट पूर्ण असेल आणि सलग तीन वेळा तेच वजन आलं असेल तरच ते ‘स्थिर’ मानते. स्लिपचा प्रोग्राम आणि बोर्ड, दोघेही तिला लोकल सॉकेटवरून (एकाच पीसीवरच्या प्रोग्रामांनी आपसात बोलायची वाट) वजन विचारतात. स्लिपच्या प्रोग्रामात ‘पोर्टवरून वाच’ हे फंक्शन काढून ‘सेवेला विचार’ हे घातलं. ज्याला मी काळीज म्हणत होतो ते एका फाइलीतलं एक फंक्शन निघालं. आधी उघडून बघायला हवं होतं.

वाचणारा एकच असला तरी लॉक काढला नाही. उद्या कुणी मेकॅनिक पोर्ट तपासायला मिनिकॉम हा सिरियल पोर्ट वाचायचा प्रोग्राम उघडेल, परवा मीच जुना प्रोग्राम चुकून चालवेन. म्हणून तीन थरांत धरलं.

पहिली लॉक फाइल, ‘/रन/लॉक’मध्ये, खऱ्या नावाने, अकरा अक्षरांच्या जुन्या साच्यात. ती रूट म्हणून चालणारा सेवेचा सुरुवातीचा भाग करतो, मग अधिकार सोडतो. मिनिकॉमसारखी साधनं हीच फाइल बघतात. मजकूर आधी वेगळ्या नावाच्या फाइलीत लिहायचा आणि मग ‘लिंक’ कॉलने तिला लॉकचं नाव द्यायचं, म्हणजे रिकामी लॉक फाइल दुसऱ्या कुणाला दिसायचा प्रश्नच उरत नाही. पीआयडी शून्य किंवा त्याखाली निघाला तर तो बिघडलेला लॉक समजायचा, ‘किल’ला विचारायचंच नाही.

दुसरा ‘फ्लॉक’, म्हणजे उघडलेल्या पोर्टवरच कर्नलकडे नोंदवलेला लॉक. याचं सुख असं की प्रोसेस मेला की कर्नल तो स्वतः सोडतो, शिळा लॉक हा प्रकारच नाही. पायथॉनच्या पायसिरियल लायब्ररीत पोर्ट उघडताना ‘एक्स्क्लुझिव्ह’ मागितलं की ती हेच करते. मग लॉक फाइल हवीच कशाला? कारण ‘फ्लॉक’साठी पोर्ट आधी उघडावं लागतं, आणि सिरियल पोर्ट नुसतं उघडलं तरी डीटीआरची, म्हणजे ‘मी तयार आहे’ असं सांगणारी, तार हलते. काही उपकरणं तेवढ्याने रीसेट होतात. आमचा इंडिकेटर होत नव्हता, पण पुढचा होणार नाही असं कुणी सांगावं.

‘फ्लॉक’नेही एकदा चकवलं. सेवा बंद करून पुन्हा चालू केली तर पोर्ट मिळेना. सेवेने चालू केलेली एक लॉग पाठवणारी स्क्रिप्ट मागे जिवंत होती आणि उघडं पोर्ट तिच्याकडे वारशाने गेलं होतं. हा लॉक प्रोसेसला नाही, उघडलेल्या फाइलीला चिकटलेला असतो. ती फाइल कुणाच्याही हातात असली तरी लॉक टिकतो. पोर्ट उघडताना ‘नवा प्रोग्राम सुरू होताना बंद कर’ ही खूण लावली आणि ते मिटलं.

तिसरा थर ‘टीआयओसीईएक्ससीएल’ हा कॉल. यानंतर दुसऱ्या कुणी पोर्ट उघडायला गेलं तर कर्नल ‘व्यस्त’ म्हणून हाकलतो, मग तो लॉक मानणारा असो वा नसो. रूटला मात्र नाही, आणि आधीच उघडून बसलेल्यालाही नाही. शिवाय पोर्टची मालकी सेवेच्याच यूजरला दिली, त्यामुळे क्लार्कच्या लॉगिनमधून ते उघडतच नाही. खरं सांगायचं तर बाकी सगळ्यापेक्षा या शेवटच्या एका ओळीने जास्त काम केलं.

डेस्कटॉपवरचं चित्र काढून टाकलं. त्याजागी ‘काटा सेवा पुन्हा चालू करा’ असं दुसरं ठेवलं. क्लिक करायला काहीतरी हवंच, नाहीतर रात्री अडीचला लोक स्वतःचं काहीतरी शोधून काढतात.

निकाल

बोर्ड पुन्हा लागला आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, चालला. त्या काळात लाइट दोनदा गेली, पीसी उठला, सेवा उठली, मला फोन आला नाही.

चुकलेल्या स्लिपा शोधायचं काम ईडीपीने केलं आणि पद्धत त्यांचीच. एकाच गाडीचं मोकळं वजन हंगामभर थोडंफारच हलतं. तेव्हा बोर्ड चालू होता त्या दिवसांतलं प्रत्येक मोकळं वजन त्या गाडीच्या आधीच्या फेऱ्यांशी ताडून बघायचं. भरलेल्या वजनाला ही युक्ती चालत नाही, तिथे त्याच गाडीच्या नेहमीच्या टनेजवरून संशयित स्लिपा बाजूला काढल्या आणि शेतकी अधिकाऱ्यांनी शेतकऱ्यांना समोर बसवून मिटवल्या. कमी लागलेलं वजन दुरुस्त करून दिलं. जास्त लागलेल्याची वसुली करायची नाही असं व्यवस्थापनाने ठरवलं. चूक काट्यावरच्या संगणकाची, शेतकऱ्याची नव्हे, असं पत्रक गेटवर लावलं. पत्रकात माझं नाव नव्हतं याबद्दल मी आभारी आहे.

काय वेगळं करता आलं असतं

बोर्डाची चाचणी मी ऑफिसात घेतली, दुसऱ्या केबलवर, स्लिपचा प्रोग्राम चालू नसताना. चाचणीत बोर्ड चालतो एवढंच कळलं. लॉक अडवतो का, हे बघायचं तर एकाने लॉक धरलेला असताना दुसऱ्याला हाकलला जाताना डोळ्यांनी बघायला हवं होतं. काट्याच्या केबिनमध्ये दोन मिनिटं लागली असती.

लॉक फाइलीची जागा बदलताना मी परवानगीची अडचण सोडवली आणि पीसी पडला तर काय होईल याचा प्रश्न तयार केला. ‘/रन’खाली वेगळी डिरेक्टरी करून तिची मालकी क्लार्कच्या गटाला देणं शक्य होतं. पीसी उठताना ती आपोआप करायला सेटिंगची एकच ओळ पुरते.

शिळा लॉक उडवणारा कोड मी जुन्या प्रोग्रामातून जसाच्या तसा उचलला. त्यात आणखी एक फट होती, ती आमच्याकडे कधी उघडी पडली नाही. दोन प्रोग्रामांना एकाच वेळी लॉक शिळा वाटला, पहिल्याने उडवून स्वतःचा केला आणि दुसऱ्याने मागून येऊन हा ताजाच उडवला, तर दोघंही आत. पाळीपाळीच्या पद्धतीत हे कधी ना कधी झालंच असतं.

अडीच वाजता फाइल उडवायला सांगितली याचा पश्चात्ताप नाही, रांग हलवणं भाग होतं. सकाळी उठल्यावर तिथे जाऊन तो उपाय परत घ्यायला हवा होता. मी गेलो चार दिवसांनी, तोवर पुठ्ठा लागला होता.

आता बैलगाड्यांच्या छोट्या काट्यावरही बोर्ड हवा अशी मागणी आली आहे. तिथल्या पीसीवर अजून जुनाच प्रोग्राम आहे. त्या इंडिकेटरचं दुसरं आउटपुट चालू आहे का, एवढं आधी बघून यायला मी ईडीपीच्या पोराला सांगितलं आहे.